कुंडीतही वाफसा बघावा लागतो



या पेजवर एरवी द्राक्ष आणि कांद्याच्या नोंदी असतात. आज कोरफडीवर लिहितोय, तेही कुंडीतल्या. छाटणीच्या गडबडीत हे काय काढलं, असं काहींना वाटेल. पण गेल्या पावसाळ्यात या एवढ्याशा झाडाने मला जे शिकवलं ते बागेतही उपयोगी पडलं, म्हणून लिहून ठेवतो.

आधी काय घडलं ते सांगतो. आमच्या मंडळींच्या बचत गटातल्या सात जणींनी ठरवलं, की कोरफडीची रोपं तयार करून दिवाळीच्या आधी नाशिकला विकायची. शहरात फ्लॅटच्या बाल्कनीत लावायला लोक कोरफड मागतात, ५० रुपयाला रोप जातं. जूनमध्ये त्यांनी वाड्या-वस्त्यांवरून पिल्लं गोळा केली आणि १८० पिशव्या भरल्या. मी बागायतदार, पंचवीस वर्षं द्राक्ष करतोय. साहजिकच सल्ला माझा. म्हटलं, आपली काळी कसदार माती अर्धी, शेणखत अर्धं, ठेवा आमच्या शेडनेटमध्ये. वरून ठिबकची बारीक नळी फिरवून दिली. रोज सकाळी दहा मिनिटं पाणी. बाया म्हणाल्या, "भाऊ, कोरफडीला एवढं पाणी लागतं का?" मी म्हणालो, "पिशवीतलं रोप आहे, लहान आहे, पाणी लागतंच."

जुलैच्या शेवटी पानं पातळ पडली, कडेने आत वळली. मला वाटलं तहानली, म्हणून दहाची पंधरा मिनिटं केली. ऑगस्टमध्ये पानं पिवळट झाली. मला वाटलं बुरशी, म्हणून बुरशीनाशकाची आळवणी केली. म्हणजे आणखी पाणी. गणपती उठेपर्यंत १८० पैकी १२२ पिशव्या सडल्या. रोपाला हात लावला की बुडापासून हातात यायचं, खाली नुसता तपकिरी चिखल आणि वास.

१२२ गुणिले ५० म्हणजे ६,१०० रुपये. द्राक्षाच्या एका फवारणीचाही खर्च त्यात बसत नाही. पण त्या सात जणींनी स्वतःच्या जोरावर केलेला तो पहिलाच धंदा होता. एकही बाई मला काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

आता गंमत बघा. आमच्या विहिरीवर मोटारीच्या खोलीशेजारी एक तेलाचा पत्र्याचा डबा पडलाय. त्यात आईने लावलेली कोरफड आहे. आईला जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून त्या डब्याला कोणी हाताने पाणी घातलेलं मला आठवत नाही. डब्याचं बूड गंजून अर्धं गेलंय. आणि झाड कसं, तर पानं मनगटाएवढी जाड, कडेने पिल्लांची गर्दी. गटातल्या बायांनी निम्मी पिल्लं तिथूनच नेली होती. ज्या झाडाकडे कोणी बघितलं नाही ते जगलं, ज्याची काळजी घेतली ते मेलं.

तो डबा मी उपडा करून बघितला. आत माती नावालाच. आईने विहीर खोदताना निघालेला मुरूम भरला होता, वर थोडी माती आणि चुलीतली राख. बुडाला गंजून पडलेली भोकं. पाऊस कितीही पडो, पाणी थांबतच नव्हतं. एका पावसाचं पाणी निघून गेलं की दुसऱ्या पावसापर्यंत मुळांना हवा मिळत होती. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की त्या डब्यात कायम वाफसा होता आणि माझ्या १८० पिशव्यांत एक दिवसही नव्हता.

वाफसा काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पाऊस पडला की आपण लगेच औत घालत नाही. माती मुठीत दाबून बघतो, गोळा होऊन फुटतो का ते बघतो. पाणीही आहे आणि हवाही आहे अशी मातीची वेळ आली की मग पेरतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की हेच शहाणपण आपण अंगणातल्या कुंडीला लावत नाही. आणि खरं सांगायचं तर ठिबक आल्यापासून शेतातही विसरत चाललोय. व्हॉल्व्ह फिरवला की झालं, माती कोण उकरून बघतो?

कुंडीत शेतातलीच माती घातली, मग सडलं का?

हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर सोपं आहे. शेतात जास्तीचं पाणी खाली जात राहतं, कारण खाली आणखी माती आहे आणि ती पाणी ओढते. कुंडीत खाली बूड आहे, तिथे माती संपते. भोक असलं तरी तळाच्या मातीतलं शेवटचं पाणी सुटत नाही, माती ते धरून ठेवते. भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. टपकायचं थांबलं की तोच उभा धरा, आणखी पाणी गळतं. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. म्हणजे भांडं जितकं बुटकं तितका त्यातला ओला भाग जास्त. सहा इंची पिशवीत आपली काळी माती भरली की बुडापासून जवळजवळ वरपर्यंत रबडीच.

काळ्या मातीची दुसरी खोडही आपल्याला माहीत आहे. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, भेगा पडतात. कुंडीत ती वाळली की कडेपासून सुटते. मग वरून घातलेलं पाणी फटीतून सरळ खाली जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. पाणी घालणाऱ्याला वाटतं पोटभर पाजलं. म्हणजे ओली असताना सडवते आणि वाळल्यावर उपाशी ठेवते. शेतात सोनं असलेली माती कुंडीत अशी वागते.

तळाला खडीचा जाड थर द्या, निचरा होतो, असं सगळीकडे सांगतात. मीही सांगायचो. स्पंजाचा हिशोब लावला तर त्याने मातीची उंचीच कमी होते आणि ओला भाग मुळाच्या आणखी जवळ येतो. भोकातून माती वाहू नये म्हणून खापराचा एक तुकडा पुरे. निचरा करायचा असेल तर अख्ख्या मिश्रणात करा.

आता आम्ही काय भरतो ते सांगतो. दोन घमेली मुरूम, चाळून घेतलेला, ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढा, त्यातली भुकटी काढून टाकलेली. एक घमेलं माती. अर्धं घमेलं जुनं गांडूळ खत. वाळूचा भाव आता कोणाला परवडतो? मुरूम नसेल तर विटांचे बारीक तुकडे चालतात. ताजं शेणखत नको. मातीची कुंडी मिळाली तर उत्तम, तिच्या अंगातूनही पाणी उडतं. प्लॅस्टिकची असेल तर पाण्याचे दिवस वाढवा. कुंडी झाडापेक्षा फार मोठी घेऊ नका. मोठ्या कुंडीत माती जास्त, पाणी जास्त, आणि ते प्यायला मुळं थोडी. आणि खाली बशी ठेवायचीच असेल तर तिच्यातलं पाणी लगेच ओतून द्या.

पाणी कधी द्यायचं?

इथे माझं कृषीतज्ज्ञ मित्रांशी थोडं भांडण आहे. रागवू नका. पत्रकात आपण लिहितो, "उन्हाळ्यात आठ दिवसांनी, हिवाळ्यात वीस दिवसांनी पाणी द्यावे." नवख्या माणसाला काहीतरी आकडा लागतो, हे मान्य. पण ओझरच्या उन्हातल्या मातीच्या कुंडीला आणि इगतपुरीच्या धुक्यातल्या प्लॅस्टिकच्या कुंडीला एकच आकडा कसा चालेल? एकाच जिल्ह्यात येवल्याला पावसाची वाट बघावी लागते आणि इगतपुरीला तो थांबायची. आकडा दिला की माणूस कॅलेंडर बघतो, कुंडी बघत नाही.

त्याऐवजी दोन गोष्टी सांगाव्यात. पहिली, उदबत्तीची जळलेली काडी. ती कुंडीत बुडापर्यंत खोचा, पाच मिनिटांनी काढा. ओलसर आली किंवा तिला माती चिकटून आली तर थांबा. कोरडी आली तर पाणी. वरची माती बघून ठरवू नका, वरची सुकते तेव्हा खाली चिखल असू शकतो. दुसरी, वजन. आमच्याकडे सहा इंची मातीची कुंडी भिजवून निथळली की २ किलो ४०० ग्रॅम भरते आणि पुरती वाळली की १ किलो ९००. बायांनी चार दिवस काट्यावर तोलून बघितलं, पाचव्या दिवसापासून हातालाच कळायला लागलं. आता उचलूनच सांगतात, हिला आज नको. आणि द्यायचं तेव्हा खालून निथळेपर्यंत द्यायचं. रोज घोटभर द्यायचं नाही.

पानं पातळ पडली, सुरकुतली तर घाई करू नका, इथेच मी फसलो. तहानलेलं झाड आणि मूळ सडलेलं झाड वरून सारखंच दिसतं, कारण दोघांच्याही पानात पाणी पोचत नाही. फरक बुडाला बघायचा. झाड हलक्या हाताने हलवा. बूड टणक, माती कोरडी, झाड घट्ट धरलेलं, तर तहान आहे. बूड मऊ, माती ओली, झाड डुगडुगतं, तर सड आहे. तहानलेल्या कोरफडीला दहा दिवसांनी पाणी दिलं तरी ती परत भरते. सडलेलीला एक तांब्याही जास्त होतो.

सड दिसलीच तर झाड उपटा, धारदार सुरीने सडका भाग पार स्वच्छ पांढरा गाभा लागेपर्यंत कापा. मग चार-सहा दिवस सावलीत नुसतं पडू द्या. काप वाळला की कोरड्या मिश्रणात उभं करा, आठवडाभर पाणी नाही. पिशव्यांतली २३ रोपं आम्ही अशी परत आणली. नुसतं पान खोचून मात्र कोरफड लागत नाही, ते सडतं. पिल्लूच हवं, चार-पाच पानांचं, स्वतःची मुळी असलेलं.

या झाडाला पाणी कमी का लागतं, त्यालाही कारण आहे. बहुतेक झाडं दिवसा पानाची तोंडं उघडतात, हवा घेतात आणि त्यातच पाणी गमावतात. कोरफड दिवसा तोंड मिटून बसते. रात्री गारव्यात उघडते, तेव्हा कार्बन डायऑक्साइड घेऊन आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा उन्हात त्याचं अन्न करते. निवडुंग, अननस, ड्रॅगन फ्रूट ही त्याच जातकुळीची. मूळची ही अरबस्तानातली. तिला द्राक्षाच्या रोपासारखं वागवलं ही चूक माझी होती, तिची नाही.

आपल्या नाशिकचं वर्षाचं वेळापत्रक

फेब्रुवारी-मार्च हा पिल्लं काढायचा, कुंडी बदलायचा काळ. थंडी सरलेली असते आणि पावसाच्या आत मुळी बसते. आम्ही जूनमध्ये काढली, तिथेच अर्धा डाव हरलो होतो. काढलेलं पिल्लू दोन-तीन दिवस सावलीत वाळवा, मग लावा, चार-पाच दिवसांनी पहिलं पाणी.

एप्रिल-मेमध्ये सावलीतली कुंडी एकदम उन्हात ठेवू नका. पानं तांबूस-तपकिरी पडतात, माणसासारखीच भाजतात. आठ-दहा दिवस सकाळचं ऊन, मग हळूहळू वाढवा. उलट कायम घरात ठेवली तर पानं लांबट, लुळी होतात.

जून ते सप्टेंबर कुंडी पडवीत किंवा पत्र्याखाली, उजेडात. आकाशाचं पाणी आपल्या हातात नसतं, छप्पर असतं.

डिसेंबर-जानेवारीत निफाडकरांनी जपावं. कुंदेवाडीच्या केंद्रावर पारा उतरल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. थंडीच्या लाटेत आपण बागेला पहाटे पाणी सोडतो, शेकोट्या करतो. कुंडीला उलट करा. पाणी बंद, आणि कुंडी भिंतीच्या आडोशाला. गार आणि ओलं एकत्र आलं की हे झाड टिकत नाही.

खताचं म्हणाल तर वर्षातून एकदा मूठभर गांडूळ खत पुष्कळ. एकोणीस-एकोणीसचा डोस देऊ नका. बोअरचं पाणी जड असेल तर कुंडीवर पांढरा थर चढतो. मिश्रण निचऱ्याचं असेल तर एखाद्या पावसात भरपूर धुऊन घ्या आणि परत छपराखाली ठेवा. पानाच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण बसतो, द्राक्षवाल्याला तो काय सांगायचा! दोन-चार कुंड्या असतील तर फडक्याने पुसून काढा, औषधाची गरज नाही.

वापराबद्दल थोडं, कारण घरोघरी चुका होतात. बाहेरचं, खालचं, जून पान बुडातून कापा आणि दहा-पंधरा मिनिटं उभं धरून पिवळा चीक निथळू द्या. तो चीक म्हणजेच वाळवलेला काळा बोळ, जहाल रेचक. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ मध्ये बिनचिठ्ठीच्या रेचकांमधून तो काढायला लावला. गरोदर बाईने तर कोरफड पोटात घेऊच नये. भाजलं तर पहिलं काम वाहतं गार पाणी, वीस मिनिटं. कोरफडीचा गर किरकोळ भाजल्यावर, तेही नंतर. फोड फुटला असेल, जखम खोल असेल, तर डॉक्टर.

आता शेवटचा मुद्दा, आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचा.

उरलेली रोपं आणि त्यांची पिल्लं धरून गटाने या वर्षी ९० कुंड्या विकल्या. बातमी गावात फिरली तसा एक गाडीवाला आला. "एकरभर लावा, रोपं आमची, पान आम्हीच उचलणार, लिहून देतो." रोपांचे पैसे मात्र आधी. माझ्या चुलतभावाने काही वर्षांपूर्वी असाच करार केला होता. पान तोडणीला आलं तेव्हा समोरचा फोन बंद. शेवटी उभ्या पिकात रोटाव्हेटर घातला.

हिशोब साधा आहे. कोरफडीच्या पानाच्या गरात शंभरातले अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव भाग पाणीच असतं. तोडलेलं पान फार टिकत नाही, लवकर प्रक्रियेला जावं लागतं. म्हणजे जवळ कारखाना नसेल तर आपण भाडं भरून पाणीच वाहतो, आणि घेणारा एकच असेल तर भाव त्याचाच. राजस्थानात राजसमंद जिल्ह्यातल्या पिपलांत्री गावाने झाडांभोवती कोरफड लावली, पण तिथल्या बाया गावातच तिची उत्पादनं बनवतात. फरक तिथे आहे. आणि आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही. २००१ च्या धोरणानंतर वाइनच्या द्राक्षाची लाट आली, विंचूरला वाइन पार्क झालं. २००९ च्या आसपास मंदीत माल उचलायला कोणी नव्हतं तेव्हा कित्येकांनी वेली उपटल्या. धंदा खोटा नव्हता. पण लावायची घाई सगळ्यांनी केली, घेणारा किती घेईल हे थोड्यांनीच तपासलं.

म्हणून गटातल्या बायांना मी एवढंच म्हणालो, की सल्ला देण्याचा माझा अधिकार गेल्या वर्षी सडला, पण एक ऐका. ९० च्या १५० करा, एकर करू नका. त्यातली सगळ्यात मोठी बाई हसली, म्हणाली, "भाऊ, जमिनीला वाफसा आल्याशिवाय आम्ही पेरत नाही, तर त्या गाडीवाल्याच्या भरवशावर पेरू का?" मला पुढे बोलायची गरज राहिली नाही.

त्या दिवसापासून मी बागेतही ठिबक सोडण्याआधी बोदात खुरपं घालून माती हातात घेतो. पावसाळी ढग असताना दोन वेळा पाणी टाळलं, आणि पांढरी मुळी गेल्या वर्षापेक्षा बरी दिसतेय. एवढ्यावरून मोठा दावा करणार नाही, दोन हंगाम बघू दे.

तुम्ही मात्र आज घरी गेलात की अंगणातल्या एका कुंडीत उदबत्तीची काडी खोचून बघा. ओली आली तर तांब्या खाली ठेवा.

तुमच्याकडचा अनुभव वेगळा असेल तर जरूर सांगा, चुकत असेन तर दुरुस्त करा.

राम राम.